हरण्याचा गुन्हा

शिरड शहापूर
८ जानेवारी २०२५

चि. करुणास,
मोठ्याबाबाचा मायेचा जय भीम. इकडं हरभऱ्याला घाटे धरले, सगळे खुशाल. माझं डोकं तेवढं ठिकाणावर न्हाई. फोनवर राग पुरता काढता येत न्हाई, तू मधीच हसतीस, म्हणून कागद घेतला.

तुमच्या कंपनीच्या साईटनं माझं बुद्धिबळाचं खातं बंद केलं. कारण काय, तर मी मुद्दाम हरतो. अगं, लबाडी करून जिंकणारे मोकळे अन् हरणाऱ्याला बेड्या, हा कुठला न्याय? नवख्यांना शिकवायचं काम तूच माझ्या गळ्यात घातलं. एक्केचाळीस जणांना शिकवलं. घोडा अडीच घर कसा उडतो, कुठं बोट दाबलं की प्यादं सरकतं, सगळं. आमच्या कट्ट्यावर रीतच हाय, नव्या माणसाला डाव जिंकू द्यायचा. पाहुण्याला कुणी दारातूनच उपाशी लावून देतं का?

माझं जाऊ दे. आमची धाकटी, तुझी सोजराआत्या, तिकडं हट्ट्याला मांडीचं हाड मोडून चार महिने खाटेवर हाय. नुकतीच खेळ शिकली होती; दुपारी तीनला माझ्यासंग एक डाव, तेवढाच तिचा जीव रमायचा. नेट गेलंय अशी थाप मारली तिला, पण किती दिवस चालंल? बंदचं बटण ज्यानं दाबलं त्याचं नाव कळव. कागदावरच धुतो त्याला.

लोभ हाय तो आटू देऊ नको.
तुझा मोठाबाबा
जळबा

पुणे
१५ जानेवारी

ती. मोठेबाबांना,
करुणाचा सविनय जय भीम. वि. वि. पत्र पोचलं. नाव कळवते. बटण मीच दाबलं. धुवायला सवड काढा.

पहिला डाव सोडलात, समजू शकते. पण तुम्ही सगळेच सोडता. आत्यापाशी एकोणीसपैकी एकोणीस हरलात, तेही वजीर उघड्यावर ठेवून. तुमच्याशी जिंकलेला नवखा साईटला पट्टीचा खेळाडू वाटतो, आणि ती त्याची गाठ खऱ्या पट्टीच्या माणसाशी घालून देते. दहा चालींत तो मार खातो, परत फिरकत नाही. तुमच्या एक्केचाळीसपैकी सव्वीस जण असेच सोडून गेले. एका बाईंनी तर लिहिलं की जळबाजींनी मला फसवलं. तुम्ही पाहुण्याला घास भरवता खरं, पण त्याला आपल्या हातानं जेवायला शिकवत नाही.

काल आत्याचा फोन आला, दादा का दिसत नाही म्हणून. माझ्याच्यानं खोटं बोलवलं नाही.

रागावलात तरी माया कमी करू नका.
तुमची करुणा

हट्टा
२४ जानेवारी

ती. दादास,
सोजराचा जय भीम. पाय बरा हाय, डोकं फिरलंय.

करुणानं सगळं सांगितलं. एकोणीस डाव जिंकले म्हणून मी शेजारच्या नीलाबाईला सांगितलं, सुनेला सांगितलं, पाय बघायला येणाऱ्या नर्सबाईलासुद्धा सांगितलं. आता तोंड कुठं लपवू? लहानपणी तुमी भाऊ पट मांडून बसायचे अन् मला पाणी आणायला लावायचे. हिला काय कळतंय, म्हणायचे. पन्नास वर्षांनी पट हातात आला, तर तिथंबी लेकरावाणी भुलवलं. काहून केलं असं? हाड मोडलंय माझं, अक्कल न्हाई.

पट घेऊन या अन् मला खरं हरवा. तसं जमत नसंल तर येऊ नका. चहा मिळंल, साखरेचं नंतर बघू.

राग हाय तवर लोभबी हाय, असं समजा.
धाकटी
सोजरा

शिरड शहापूर
२ फेब्रुवारी

चि. करुणास,
मोठ्याबाबाचा जय भीम अन् आशीर्वाद. तू मला लिहिलं ते बराबर लिहिलं. राग आला, पण पट पिशवीत घातला.

परवा हट्ट्याला गेलो. खाटेवरच पट मांडला अन् सोजराला पाच डाव सरळ हरवलं. पहिल्या डावाला डोळ्यात पाणी माझ्या आलं, तिच्या न्हाई. दर डावाला कुठं चुकले म्हणून विचारायची अन् सुनेकडून चाली लिहून घ्यायची.

सहाव्या डावात तिनं एक प्यादं पुढं ढकललं. मला वाटलं, चुकली. तर त्या प्याद्यामागून तिच्या उंटाची वाट मोकळी झाली अन् माझा राजा कोपऱ्यात जागच्या जागी मेला. दिसलंच न्हाई मला. पण ती मानती कुठं? म्हणाली, पुन्हा तेच केलं तुमी. पट आवरला अन् भिंतीकडं तोंड करून निजली. मी घरातल्या सगळ्यांच्या शपथा घेतल्या, तर सून गालातल्या गालात हसून राहिली.

चौपन्न वर्षं खेळून राहिलो, अन् इमानानं हरलो तर कुणी खरं धरत न्हाई. हा अन्याय तुझ्या बटणाहून मोठा हाय. सुनेनं लिहिलेल्या चाली पाठीमागं उतरवल्यात. तुझ्या यंत्रात घालून तपास अन् मी खरोखर हरलो असं कंपनीच्या शिक्क्यानिशी तिला कळव. माझं खातं सावकाश उघड, हे काम आधी कर.

माया असू दे.
इमानानं हरलेला
तुझा मोठाबाबा