दाराबाहेरची सात मिनिटं

मंगळवार, संध्याकाळ. शिनोली.

काल अकरावीच्या वर्गात मीच फुशारकीनं सांगितलं की मध्ययुगात इटलीतल्या बोलोन्याच्या विद्यापीठात शिक्षकांना विद्यार्थीच नेमायचे, आणि शिक्षक उशिरा आला तर त्याला दंडही करायचे. पोरं लई हसली. मला काय माहीत, आज कॉलेजला जाताना घोडेगावातच गाडी पंक्चर होणार! वर्गात पोचायला सात मिनिटं उशीर.

फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं, 'बोलोन्या'. आहुप्याहून एसटीनं येणारी सुनीता उठली. तिची एसटी जितकी मिनिटं उशिरा येते, तितकी मिनिटं मी तिला दाराबाहेर उभं करतो. नेमकी आज तिची एसटी वेळेवर!

"सर, दंड काय घ्यायचा?"

"तूच सांग."

"आमाला असतो तोच."

राहिलो उभा. दुसरं काय करणार? तेवढ्यात प्राचार्य आले. "काय राव, बाहेर का?" म्हटलं, "मध्ययुग शिकवतोय." ते मान डोलावून गेले. नवीन शिक्षणपद्धतीतलं काहीतरी वाटलं असावं.

सात मिनिटं एवढी लांब असतात? आत सुनीता कालचा धडा मोठ्यानं वाचत होती, आणि मला पंख्याच्या आवाजात एक शब्द धड ऐकू येईना.

आत आल्यावर तिनं विचारलं, "सर, तिथनं फळा दिसतो का?"

"नाही गं. फळ्यावर नुसता उजेड चमकतो."

"अगं बाई! मला वाटलं, माझेच डोळे गेले. दारातनं फळा दिसेना म्हटल्यावर बाबांनी चष्मा करायला टाकलाय."

उद्यापासून एसटी कधीही येवो, तिनं सरळ आत येऊन बसायचं, असं सांगून टाकलं. चष्म्याचं मात्र तिच्या बाबांना काय सांगू, सुचत नाही.