होडी, रॉकेट आणि तांत्रिक कारण

२२ सप्टें., मंगळवार
पेपरात चौथ्या पानावर, खोबरेल तेलाच्या जाहिरातीखाली चार ओळी. आपला नवा उपग्रह ११ ऑक्टोबरला परदेशी कंपनीच्या रॉकेटने वर जाणार. तिकडे पहाट, आपल्याकडे दुपार. एवढ्या मोठ्या गोष्टीला चार ओळी. पहिल्या पानावर अर्धा रकाना कोण कुठल्या पक्षातून कुठल्या पक्षात गेला त्याला.

कामावरून आल्यावर किनाऱ्यावर जाऊन दादाला वाचून दाखवलं. तो नव्या होडीला तेल लावत होता. म्हणाला, ‘वादळ दिसनारा क्यामेरा हाय ना याच्यात?’ आहे म्हटलं. गेल्या वर्षी रेडिओने वादळाची सूचना दिली ती आमची जुनी होडी खडकावर फुटली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. वरचा उपग्रह म्हातारा झालाय, चित्रं पुसट येतात, हे मीच तेव्हा दादाला सांगितलं होतं. त्याला आणि सोमा खलाशाला दुसऱ्या होडीवाल्यांनी पाण्यातून ओढून काढलं.

दादा हात पुसत म्हणाला, ‘अकराला कोजागिरी. उधाण पन हाय, होडी ढकलायचा नंबर पन आपलाच हाय. बाय, तुजा उपग्रह नि माजी होडी एकाच टायमाला सोडू.’

मी हसले. घरी येईपर्यंत मात्र रडूच यायला लागलं. माझ्या या उपग्रहांच्या खुळाला आजवर घरात कुणी ‘खूळ’ सोडून दुसरं काही म्हटलं नव्हतं.

३० सप्टें., बुधवार
बोईसर. कारखान्याच्या लॅबमध्ये दिवसभर नुसते नमुने. दादाने आमच्या साऱ्या माहीम गावात सांगून ठेवलंय की रॉकेट उडेल त्या घटकेला होडी पाण्यात. आईला पटलेलं नाही. ‘आपल्या होडीचा मुहूर्त परदेशातला मानूस काढनार?’

तिचंही बरोबर आहे. पण दादा ऐकत नाही. एकदा बोलला की बोलला.

६ ऑक्टो., मंगळवार
पुढे ढकललं.

तीन ओळी या वेळी. ‘तांत्रिक कारणास्तव.’ यापुढे मी नुसतं ता. का. लिहिणार, पूर्ण लिहिण्याची त्या शब्दांची लायकी नाही. रेडिओच्या शॉर्टवेव्हवर खरं कारण कळलं. आपला उपग्रह त्या रॉकेटात एकटा नाही. वर दुसऱ्या कुणाचा तरी मोठा उपग्रह बसलाय, त्याच्यात बिघाड. आपला ठणठणीत. पण मोठं गिऱ्हाईक तयार होत नाही तोवर रॉकेट हलणार नाही. म्हणजे बोईसर स्टेशनाबाहेरची सहा आसनी रिक्षाच झाली. आपण वेळेवर येऊन बसायचं आणि एका शेटची वाट बघत घाम गाळायचा. नवी तारीख? कळवू. कुणाला कळवणार? माफीचा एक शब्द नाही.

दादाला सांगितलं, तू होडी सोड, रॉकेटचं राहू दे. म्हणाला, ‘लोकांना सांगितलंय. थांबू.’ नवी होडी किनाऱ्यावर वर असते, उधाणाचं पाणीच तिथवर येतं. ढकलायला सगळी आळी लागते, म्हणून एका उधाणाला एकच होडी, नंबराने. नंबर सोडला की शेवटी जायचं. हे त्याला मी सांगायला हवं का? मी चिडले, तो शांत. आई दोघांशीही बोलत नाही.

११ ऑक्टो., कोजागिरी
आमच्या जागी रामाकाकांची होडी गेली. ते दादाच्या मागचे नंबरवाले. दादा सगळ्यांत पुढे खांदा लावून ढकलत होता, जणू स्वतःचीच. ओंडक्यांवरून होडी सुटली तेव्हा त्याने आमच्या होडीकडे बघितलंसुद्धा नाही. मी बघितलं. झावळ्यांच्या सावलीत एकटी.

परत येताना कुणीतरी ओरडलं, ‘काय रं, रॉकेटवाल्या, पेट्रोल संपला का?’ सगळे हसले. दादाही. मला हसू आलं नाही.

१६ ऑक्टो., शुक्रवार
नवी तारीख: २६. पाडवा. दादाला सांगितलं तर म्हणतो, ‘बघ, देवाच्याच मनात हाय.’ त्या उधाणाचा नंबर रामाकाकांच्या मेव्हण्याचा. दादा गेला, बसला, चहा प्यायला, पुन्हा गेला, पुन्हा बसला. अखेर तो कबूल झाला. त्या बदल्यात दादा त्याचं जाळं विणून देणार.

सोमा आज डोंगराकडच्या त्याच्या पाड्यावरून आला. दिवाळीनंतर दुसऱ्या होडीवाल्याने त्याला बोलावलंय. ‘दादा, तुमची होडी गेली नाय तर मी काय करू, पोरं हायेत.’ दादा म्हणाला, ‘पाडव्याला जाते.’ सोमाने माझ्याकडे बघितलं.  मी काय त्या कंपनीत आहे?

२१ ऑक्टो., बुधवार
पाठक साहेबांकडे (आमच्या लॅबचे मुख्य, यापुढे पा. सा.) पाडव्याची रजा मागितली. खरं कारण सांगितलं. पा. सा. चष्मा काढून म्हणाले, ‘होडी ढकलायला रजा? अहो, तुम्ही शिकलेल्या. भरती-ओहोटी बघून मुहूर्त काढण्याचे दिवस गेले आता.’

आणि पाच मिनिटांनी, तेच पा. सा., तोच चहाचा कप: ‘ते रॉकेट पुढे ढकललं म्हणे. बरोबरच आहे. वरचे वारे जोराचे असतील तर उडवतच नाहीत. जबाबदार लोक असतात.’

ते वारे बघतात तेव्हा जबाबदार. माझा भाऊ वारा आणि भरती बघतो तेव्हा मागासलेला. दातांवर दात ठेवून उभी राहिले. रजा दिली, पण उपकार केल्यासारखी.

बाहेर ऑपरेटर यादव: ‘दीदी, आपका रॉकेट छूटा क्या?’ नहीं भैया. ‘चिंता मत करो, हमारी गाड़ी भी लेट ही आती है।’ त्याला गावी, छपऱ्याला जायचंय. सगळ्या कारखान्यात मला समजून घेणारा एवढाच.

२५ ऑक्टो., लक्ष्मीपूजन
रेडिओ म्हणतो सर्व ठीक. मोठं गिऱ्हाईक दुरुस्त. उद्या थेट वर्णन देणार. नवे सेल आणले. आईने होडीसाठी झेंडूचं तोरण केलं. बोलली नाही, पण केलं.

२६ ऑक्टो., पाडवा
घरी आल्यावर लिहितेय. राग अजून गेलेला नाही.

सगळी आळी जमली होती. आमच्या घरची रीत, होडीच्या पुढच्या टोकावर घरच्या मुलीने नारळ फोडायचा. तो फुटल्याशिवाय कुणी होडीला हात लावत नाही. नारळ माझ्या हातात. रेडिओ होडीच्या कडेवर. पाणी चढत चढत ओंडक्यांपर्यंत आलं. रेडिओवर मोजणी सुरू. दादा माझ्याकडे बघून मान हलवत होता, मोजणी संपली की फोड.

आणि मोजणी थांबली. काही काळ नुसती खरखर. मग तो गोड आवाज: थोडा विलंब, कृपया ऐकत राहा.

ऐकत राहिलो. पाणी आमच्या पायांशी येऊन थबकलं. भरती पुरी झाली की पाणी जरा वेळ तसंच राहतं, मग उतरायला लागतं. दादा म्हणाला, ‘दोन मिन्टं.’ पुन्हा म्हणाला, ‘दोन मिन्टं.’  सोमा वाळूकडे बघत होता. शेवटी रामाकाका बोलले, ‘पोरा, तुज्या रेडिओला इचारून पानी उतरनार हाय काय?’

दादा माझ्याकडे बघतोय. त्याला स्वतःहून ‘फोड’ म्हणवत नव्हतं. माझं मन मोडेल म्हणून, हे मला तिथे उभं राहून कळलं. इतका राग आला मला. त्या कंपनीचा, त्या गोड आवाजाचा, मोठ्या गिऱ्हाइकाचा, पा. सा.चा. आणि दादाचाही, इतकं कुणी कुणासाठी थांबतं का? नारळ असा आपटला की पाणी माझ्याच तोंडावर उडालं.

सगळ्यांनी खांदे लावले. होडी हलेना, मग हलली, मग गेली. आई रडली. दादा पाण्यात छातीपर्यंत, तिथून ओरडतोय, ‘बाय, गेली, गेली!’

घरी आल्यावर रेडिओ लावला. आजचं रद्द. ता. का.

३१ ऑक्टो., शनिवार
दोन फेऱ्या झाल्या. पापलेट बरं मिळालं. सोमा राहिला. दादा रोज विचारतो, ‘तुजं काय झालं?’ जसं माझं लग्न मोडलंय.

नवी तारीख नाही. शॉर्टवेव्हवर सांगितलं की कंपनी आता आधी दुसऱ्या गिऱ्हाइकाचं रॉकेट सोडणार, आपलं त्याच्यानंतर. म्हणजे नंबर गेला, शेवटी जा. इथे निदान दादा रामाकाकांच्या मेव्हण्याकडे जाऊन बसू शकला. आपल्या सरकारला त्यांच्या दारात बसून चहा पिता येत नाही का? की लाज वाटते? आपल्याला दिसायला हवं म्हणून तो क्यामेरा बांधला, आणि तो तिकडे झाकून ठेवलाय पेटीत.

पेपरात एक ओळसुद्धा नाही.

४ नोव्हें., बुधवार
दादा, सोमा आणि आणखी दोघे पहाटे गेले, लांबच्या फेरीला. बर्फ जास्त घेतला. शनिवारी येतील.

पा. सा. आज म्हणाले, ‘काय हो, होडी पोचली का अंतराळात?’ साऱ्या लॅबने हसून घेतलं. मी म्हटलं, ‘होडी तिच्या जागी पोचली साहेब. जबाबदार लोक आहेत तिच्यावर.’ चष्मा पुसायला लागले. बरं वाटलं. संध्याकाळपर्यंत बरं वाटत होतं.

६ नोव्हें., शुक्रवार
सकाळच्या बातम्या: अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा. ‘जहाजांकडून मिळालेल्या माहितीनुसार.’ उपग्रहाचा उल्लेख नाही. कुठे आहे, कुठे सरकतोय, नक्की सांगता येत नाही. मच्छीमारांनी सावध राहावं. समुद्रात आहेत त्यांनी काय करावं ते सांगितलं नाही.

कामावर गेले नाही. वारा वाढलेला, पण तसा नेहमीसारखाच. रामाकाका आणि त्यांचा मेव्हणा किनाऱ्यावर उभे. म्हणाले, येतील, दादा वारा ओळखतो. ओळखतोच. पण त्याने समोर दिसणारा वारा ओळखायचा आणि पलीकडचा ओळखायचा कुणी?

पेपर आला. चौथ्या पानावर दोन ओळी. प्रक्षेपण अनिश्चित काळासाठी पुढे. ता. का. फाडून टाकला. अशा बातमीचा कागद मी कधी फाडत नाही, कापून ठेवते.

दुपारी आई रेडिओशेजारी येऊन बसली. आजवर तिने उपग्रहाबद्दल एक शब्द विचारला नव्हता. म्हणाली,

‘तुजं ते वर गेलं का?’

नाही म्हटलं.

ती समुद्राकडे बघत राहिली. मग म्हणाली, ‘मंग त्याला आता बगतं कोन?’

 रेडिओ चालू ठेवलाय. सेल अजून आहेत.