दुसऱ्यांदा विचारते

गॉलवे, आयर्लंड
रविवार, १३ जुलै २०२५

प्रिय सुलेखाताई,

नमस्कार. आईआप्पांना आणि भावोजींनाही माझा नमस्कार सांग. 'पत्रास कारण की' मुद्दाम लिहिलं नाही, कारण खाली येईल. फोनवर महत्त्वाचं काही काढलं की तुझ्या दुकानात नेमकं गिऱ्हाईक येतं आणि तू "ठेवते गं" म्हणतेस. म्हणून पत्र.

मी मजेत आहे. उन्हाळी वर्गाचे तीन आठवडे झाले, दोन राहिले. सकाळी आयरिश भाषा, दुपारी इतिहास, बुधवारी संध्याकाळी हॉलमध्ये सामूहिक नाच. मी उलट्या दिशेनं फिरले की कुणीतरी खांद्याला धरून वळवतं आणि नाच तसाच पुढे चालू राहतो. जुलै असून स्वेटर घालावा लागतो. स्कॉलरशिपच्या मुलाखतीत मी म्हटलं होतं की तालुक्यातल्या मुलींच्या शिक्षणासाठी काम करीन. त्यावर अजून ठाम आहे.

राहते नोराबाईंकडे. अडुसष्ट वर्षांच्या आहेत, पूर्वी पोस्टात होत्या. पहिल्या दिवशी म्हणाल्या, "कपबशा प्रेसमध्ये ठेव," आणि मी इस्त्री शोधत बसले. इथे कपाटाला प्रेस म्हणतात.

मागच्या आठवड्यात मी कांदेपोहे केले. त्यांना विचारलं, घेणार का? "नको गं, आय ॲम ग्रँड." म्हणजे माझं ठीक आहे. निघण्याआधी पुण्यात आम्हा स्कॉलरशिपवाल्यांना बजावलं होतं, परदेशात आग्रह करायचा नाही, तिथे नाही म्हणजे नाही. म्हणून मी त्यांच्यासमोर बसून एकटीनं खाल्ले, वर कढईतले उरलेलेही घेतले. त्या बघत होत्या. मग उठल्या आणि स्वतःसाठी पाव भाजायला लागल्या.

"भूक होती तर नको का म्हणालात?"

"तू एकदाच विचारलंस," त्या म्हणाल्या. "पहिलं नको रीत म्हणून असतं. दुसरं, तुला कमी पडू नये म्हणून. तिसऱ्यांदा नको म्हटलं तर ते खरं. तुमच्याकडे असं नसतं?"

मी म्हटलं, अगदी असंच असतं. आपल्याकडे पाहुण्याला तीनदा विचारतात, ताई. घरच्या माणसाला एकदाच.

तुझा दहावीचा निकाल लागला त्या संध्याकाळी आप्पा बाजार समितीतून आले आणि म्हणाले, "शिकायचंय का पुढं?" तू म्हणालीस, "नको, मला कंटाळा येतो." आप्पांना किती हलकं वाटलं ते तूही पाहिलंस. म्हणाले, "मग केतकीला शिकवू." तू लगेच पोळ्या लाटायला बसलीस.

त्याच दिवशी सकाळी रंगपेटी शोधताना मी तुझं दप्तर उघडलं होतं. त्यात कॉलेजचा प्रवेश अर्ज होता. सगळा भरलेला, फोटो चिकटवलेला. फक्त मार्क आणि पालकांची सही बाकी होती. मी बोलले नाही. तेव्हा मी लहान होते हे खरं, पण मला कळत नव्हतं हे खरं नाही. दोघींचं जमणार नाही एवढं मला कळत होतं. माझ्या पदवीच्या दिवशी तू पेढे वाटत होतीस, तेव्हाही मी हे गिळलं.

आता कारण. बाहेरून बारावी देण्याचा सतरा नंबरचा फॉर्म काय असतो ते मी तुला सांगायला नको. मोरेश्वरकाकांच्या झेरॉक्सच्या दुकानात कामाला बसून दरवर्षी तू दुसऱ्यांच्या मुलींचे भरतेस. मार्कशीट, दाखला, आधार, फोटो. या वर्षीची शेवटची तारीख तुला माझ्याआधी कळेल. भूगोल आणि इंग्रजी मी शिकवीन, परीक्षेपर्यंत घरी लोणंदलाच राहणार आहे. हे उपकार फेडणं नाही. तुझे मार्क माझ्यापेक्षा जास्त होते.

आप्पांनी बारा वर्षांपूर्वी विचारलं ते पहिल्यांदा. हे दुसऱ्यांदा. तुला शिकायचंय का पुढे?

तू नकोच म्हणशील, मला माहीत आहे. दोन ऑगस्टला मी घरी येते. बॅग टाकून सरळ दुकानात येणार, गिऱ्हाईक असेल तर त्याच्या मागे उभी राहणार आणि तिसऱ्यांदा विचारणार. तेव्हाही नको म्हणालीस तर ते खरं मानीन.

दप्तराबद्दल रागावायचं असेल तर रागाव. तेही तू कधी केलं नाहीस.

तुझ्या एका खोट्या 'नको'वर पदवीधर झालेली,
केतकी