राबिगला अडलेला हज

अल्लाहचे नाव घेऊन मी, शाकिर बिन उबैद, धंदा अत्तराचा, राहणार मदिना, कोणाच्याही दडपणाविना हे मृत्युपत्र लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. पाय नाही, त्याची हकीकत पुढे येईल.

१. घर व दुकान यांत मी लुडबुड करत नाही. वारसांचे वाटे शरियतने ठरवलेले आहेत. माझ्या मर्जीचा तेवढा तिसरा हिस्सा, आणि तो माझ्या अर्धवट हजसाठी आहे.

२. तरुणपणी एहरामच्या दोन बिनशिवल्या चादरी नेसून मी हजला निघालो आणि मक्केच्या वाटेवरच्या राबिगच्या तळावर उंटावरून पडून पाय मोडून घेतला. काफिल्यातले हनफी पंथाचे शेख म्हणाले, अडलेल्याने कुर्बानीचे जनावर मक्केला पाठवावे, ते कापले गेले की मुंडण करून एहराम सोडावा. मी मेंढी काफिल्यातच असलेला माझा शेजारी हमदान याच्या हवाली केली, ठरल्या दिवशी डोके भादरले आणि घरी परतून खुशाल अत्तर लावून बसलो. मागाहून हमदान हाजी होऊन आला. बरोबर मेंढी.

"वाटेत लंगडायला लागली रे," तो म्हणाला. "जेद्दात एकाकडे ठेवली. म्हटलं, तू अडलास तशी तीही अडली."

मुफ्तींनी निकाल दिला की मेंढी जिवंत, तर एहरामही जिवंत. दुसरे जनावर कापल्याची खबर येईपर्यंत मी चादरींतच दुकानात बसलो. अत्तरवाला, आणि एहरामात अत्तराला बोट लावायची चोरी. पत्नी बहीजा शाफई पंथाच्या घरातली. तिच्या मते एहराम बांधतानाच तशी अट घातली असेल तरच आजाऱ्याची सुटका.

"जिथं अडेन तिथं सुटेन, एवढंच म्हणायचं होतं," ती म्हणाली. "कांद्याला घासाघीस करता, आणि अल्लाहपुढं एक अट घालता आली नाही?"



३. त्या मेंढीचा वंश हमदानच्या अंगणात नांदतो आहे. त्यावर मी हक्क सांगत नाही. मात्र माझ्याच मेंढरांचे दही मला भेट म्हणून पाठवणे त्याने थांबवावे.

४. पाय धड झाला नाही. पुढच्या साली जाईन म्हणता म्हणता म्हातारा झालो. काबा डोळ्यांनी पाहिला नाही, याचे मला रोज वाईट वाटते. माझ्या पश्चात कोणीतरी माझ्या नावाने हज करावा. जावई सालस आहे, पण दुसऱ्यासाठी जाणाऱ्याचा आधी स्वतःचा हज झालेला असावा, आणि त्याचा तर व्हायचाच आहे. म्हणून मी हमदानला नेमतो. राबिगला सगळे पुढे निघाले तेव्हा माझा पाय बांधायला तोच थांबला होता. कुर्बानीचे जनावर त्याने मक्केजवळ मिनात पोचल्यावरच घ्यावे व त्याच्या पायांकडे बघू नये. वाटेत काही अडले तर मुफ्तींना विचारावे, मी तेव्हा उपलब्ध नसेन.

सही: शाकिर बिन उबैद
साक्षीदार: इमाम युसरी बिन मन्सूर, तालिब बिन अव्वाद, सुतार
मदिना, रजब, हिजरी १३४९

साक्षीदार नसताना कागद ओढून घेऊन हमदान बिन रुवैशिद याने लिहिलेले:

मुफ्तींना आत्ताच विचारून आलो. पायानं कायमचा अधू झालेल्याच्या नावानं तो जिवंत असतानाही हज करता येतो. तेव्हा तिसरा हिस्सा आत्ताच काढ. येत्या हजला निघतो. मी परत येईपर्यंत मरायचं नाही. तिथं काय काय पाहिलं, ते सांगायचं कुणाला?