आकाशाची निम्मी वाटणी

सन्माननीय हेडमास्तरसाहेब,

आपल्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा, कंबर परवानगी देईल तितका वाकून, नमस्कार. आपली तब्येत, वहिनींचे गुडघे आणि गच्चीवरच्या कुंड्या हे सगळं ठीक असेल असं धरून चालतो. (गुडघ्यांची हकिगत वहिनी फोनवर सविस्तर सांगतातच, तेव्हा त्याबद्दल नाही लिहिलंत तरी चालेल.) इकडे आम्ही दोघंही धडधाकट. दुकानातली वाफेची मोठी इस्त्री मध्ये आजारी होती, तीही आता सुधारली. फोन न करता पत्र लिहितोय, कारण फोनवर तुम्ही मला वाक्य पुरं करू देत नाही. जन्मभर वर्गात भूगोल शिकवलेल्या माणसाची ती सवय आहे, माझी तक्रार नाही. पण आजची हकिगत मध्येच कुणी तोडण्यासारखी नाही.

बातमी अशी, की ज्याच्याबद्दल लग्नाच्या बोलणीत तुम्हाला 'मुलगा कष्टाळू दिसतो' याच्यापुढे काही सुचलं नव्हतं, तो मुलगा कॉलेजची परीक्षा पास झाला. विषय खगोलशास्त्र. (प्राथमिक ओळख आहे, पण कॉलेजातली प्राथमिक आहे, तुमच्या शाळेतली नव्हे.) सगळं घरबसल्या, लॅपटॉपवर. सुरुवात झाली ती एका गिऱ्हाइकाच्या कोटाच्या खिशातून. कोट धुवायला घेण्याआधी खिसे तपासायचे हा आमच्या धंद्यातला पहिला नियम, आणि त्या खिशात कॉलेजची जाहिरात निघाली, की कोणत्याही वयाच्या माणसाने यावं आणि आकाश शिकावं. गिऱ्हाइकाला ती नको होती. तुमच्या बहिणीने ती इस्त्रीच्या टेबलासमोरच्या भिंतीला टाचणीने टोचून ठेवली आणि कपडे दाबता दाबता रोज वाचू लागली. चार दिवसांनी म्हणाली, हे करायचं. खरं तर तिचा डोळा पहिल्या कोर्सवर नव्हताच, दुसऱ्यावर होता. त्यात नुसत्या उजेडावरून तारा कशाचा बनलाय ते ओळखायला शिकवतात. हात लावल्याबरोबर सुती कोणतं आणि भेसळीचं कोणतं हे सांगणाऱ्या बाईला हात न लावता ओळखायची विद्या दिसली, मग काय विचारता! पण दुसऱ्या कोर्सात प्रवेश फक्त पहिला पास झालेल्यालाच, ही अट होती. मी नाव घातलं. म्हणजे माझं घातलं. आमच्याकडे फोन, दुकान, विजेचं बिल सगळं माझ्या नावावर असतं आणि चालवते ती, त्यामुळे वेगळं काही करतोय असं दोघांनाही वाटलं नाही.

आता आमची कामाची पद्धत तुम्हाला ठाऊक आहे. काउंटरवर मी, इस्त्रीवर ती. माणसं मी ओळखतो, कापड ती ओळखते. तिच्या कामात मी नाक खुपसत नाही, माझ्या कामात तिने खुपसलेलं मला कळत नाही. त्याच धर्तीवर आम्ही आकाश वाटून घेतलं. सूर्य, चंद्र, ग्रह, ऋतू हे मी घेतले, कारण ती ओळखीची मंडळी. नेहमीची गिऱ्हाइकं म्हणा ना. तारे, त्यांचे रंग, अंतरं, दीर्घिका आणि जे काही माणसाला दिसत नाही ते सगळं तिच्याकडे. दर आठवड्याला चाचणी असायची. माझा धडा असला की मी सोडवायचो, तिचा असला की ती. गुण झकास पडत होते. (तिच्या आठवड्यांत जास्त झकास, हे ओघाने आलंच.) शिकवणाऱ्या प्राध्यापिका बाई आमच्या लेकीच्या वयाच्या असतील, पण शिकवण्यात पक्क्या. त्यांनी एकदा शेरा मारला, की तुमच्या लिहिण्यात दोन वेगवेगळी माणसं बोलतात असं वाटतं. मी तो शेरा काउंटरवर येणाऱ्या प्रत्येकाला वाचून दाखवला. माणसाचं व्यक्तिमत्त्व बहुरंगी असलं की असं होतं, असं मी वरून सांगत असे. अंगावर मूठभर मांस चढलं होतं, साहेब, खोटं कशाला बोलू.

वाटणीत एक खोट असते, ती म्हणजे दोन वाट्यांच्या मधलं जे असतं ते कुणाचंच नसतं. आमच्या दुकानात तुटलेली बटणं अशीच कुणाची नसत. कोर्सात नियमांचं पान तसं राहिलं. तिला वाटलं मी वाचलं, मला वाटलं तिने वाचलं. त्या पानावर लिहिलं होतं, की चाचण्या कुणाशीही चर्चा करून सोडवा, मुभा आहे. पण शेवटची परीक्षा तोंडी होईल, कॅमेऱ्यासमोर होईल, ज्याचं नाव त्यानेच द्यायची, संपूर्ण अभ्यासक्रमावर, आणि खोलीत दुसरं कुणी असता कामा नये. हे आम्हाला कळलं तेव्हा परीक्षा तोंडावर आलेली. माझ्या तोंडचं पाणी पळालं. निम्मं आकाश मला येत नव्हतं, आणि मी नापास झालो असतो तर दुसऱ्या कोर्साचं दार तिच्यासाठी बंद होणार होतं. तिने हातातली पँट सरळ केली, क्रीज बसवली आणि म्हणाली, "उद्यापासून दुकान उघडायच्या आधी तासभर. मी शिकवते."

तुमची बहीण शिकवते कशी, हे तुम्ही पाहायला हवं होतंत. (तुमच्यासारखं अजिबात नाही. ती ओरडत नाही, नुसती थांबून बघते, ते जास्त लागतं.) मी जन्मभर लाल म्हणजे तापलेला असं समजत आलो. ताऱ्यांत उलटं असतं, लाल तारा त्यातल्या त्यात थंड आणि निळा जास्त गरम. माझं घोडं तिथेच पेंड खायला लागलं. तिने हीटर लावला आणि समोर बसवलं. म्हणाली, बघा, तार तापायला लागली की आधी लाल होते, मग केशरी. आपला हीटर तिथेच थांबतो म्हणून आपल्याला लालचा धाक. आणखी तापवता आली असती तर पांढरी झाली असती, त्याच्यापुढे निळसर. मग दीर्घिका एकमेकींपासून लांब जातात ते. पायजम्याचं इलॅस्टिक घेतलं, त्याला टाचण्या लावल्या आणि माझ्या हातात देऊन ताणायला सांगितलं. कोणत्याही टाचणीवर बसून पाहिलं तरी बाकीच्या दूर जाताना दिसतात, आणि जी आधीच लांब होती ती जास्त वेगाने जाते. एवढं समजल्याच्या आनंदात मी एक टोक सोडलं. नाकावर वळ उठला, पण विश्व डोक्यात बसलं ते बसलंच.

ताऱ्यांचं अंतर मोजायच्या धड्यात मात्र थोडी बदनामी झाली. हात लांब करून एक बोट समोर धरायचं, एक डोळा मिटायचा, मग तो उघडून दुसरा मिटायचा. मागच्या वस्तूंपुढे बोट इकडून तिकडे सरकल्यासारखं दिसतं, आणि जवळची वस्तू जास्त सरकते. मी टांगलेल्या साड्यांसमोर एकाग्र चित्ताने हे करत होतो. त्याच वेळी दारातून आमच्या जुन्या गिऱ्हाईक वकीलबाई आल्या. मी त्यांच्याकडे बोट रोखून आळीपाळीने दोन्ही डोळे मिचकावत होतो, असं त्यांच्या बाजूने दिसलं असणार. मी ताबडतोब खुलासा केला, की बाई, तुम्ही किती लांब आहात ते बघतोय. त्यांनी काळा कोट छातीशी धरला आणि आल्या पावली परत गेल्या. पुढे तुमची बहीण त्यांच्या घरी जाऊन सगळं समजावून आली आणि कोटही घेऊन आली, त्यामुळे प्रकरण मिटलं.

परीक्षेच्या दुपारी मी मागच्या खोलीत लॅपटॉप मांडला. दार बंद, ती दाराबाहेर इस्त्रीवर. बाई पडद्यावर आल्या आणि म्हणाल्या, खोली दाखवा. मी लॅपटॉप उचलून सावकाश फिरवला. बाईंचा चेहरा बदलला. तुमच्या मागे इतकी माणसं का उभी आहेत, त्यांनी विचारलं. आदल्या दिवशी बँडवाल्यांचे गणवेश आले होते, सोनेरी गोंडे आणि झालरींसकट, ते सगळे मागच्या रॉडवर ओळीने लटकत होते. मी सांगितलं हे रिकामे आहेत. पण बाई नियमाच्या पक्क्या. मग मी एकेका बँडवाल्याची बाही उचलून दाखवली, आत कुणी नाही म्हणून. ढोलवाल्याचा कोट इतका रुंद, की त्याची बटणं उघडून दाखवावी लागली. या सगळ्यात पाचावर बसलेली धारण जरा सैल झाली, हा फायदाच म्हणायचा.

प्रश्न सुरू झाले. ताऱ्यांचे रंग विचारले, मी हीटर सांगितला. अंतर विचारलं, मी बोट काढलं. दीर्घिका म्हणताच मी खिशातून इलॅस्टिक काढून ताणलं, आणि बाई खुर्चीत पुढे सरकल्या. मग म्हणाल्या, आता सोपं विचारते, उन्हाळा का होतो? हे तर माझ्या वाट्याचं! मी कॉलर सारखी केली आणि ठणकावून सांगितलं, की सूर्य जवळ येतो म्हणून. दाराबाहेर इस्त्रीने इतका मोठा वाफारा सोडला, की बाईंनी कसला आवाज म्हणून विचारलं. मी म्हटलं, काम चालू आहे. हेडमास्तरसाहेब, तुम्ही आता डोक्याला हात लावला असेल, ठाऊक आहे मला. पृथ्वी कललेली असते, त्यामुळे ऊन कधी सरळ पडतं, कधी तिरपं, हे आता मला झोपेतून उठवून विचारा. चंद्राच्या कलांचंही मी असंच पृथ्वीच्या सावलीवर ढकललं. म्हणजे तिच्या निम्म्यात मी एकही चुकलो नाही आणि माझ्या निम्म्यात जेमतेम तरलो.

बाईंनी मान डोलावली आणि म्हणाल्या, पास आहात. पण ते इलॅस्टिकचं कुठे वाचलंत? तिथे मला 'स्वतः विचार करून' असं म्हणता आलं असतं. जीभ वळली नाही. मी म्हटलं, वाचलं नाही, बायकोने शिकवलं. निम्म्या चाचण्याही तिच्याच आहेत, आणि पुढचा कोर्स तिलाच करायचा आहे. बाईंनी पेन खाली ठेवलं. चर्चेला मुभा आहे, पण तुम्ही चर्चा नव्हे, सरळ वाटणी केलीत, असं म्हणाल्या. मी इलॅस्टिक गुपचूप खिशात घातलं. मग म्हणाल्या, कॉलेजात विचारते. परवानगी मिळाली तर उद्या त्यांची तोंडी घेईन, संपूर्ण अभ्यासक्रमावर, आणि कडक घेईन.

परवानगी मिळाली. दुसऱ्या दिवशी दाराच्या आत ती, बाहेर इस्त्रीवर मी. बाईंनी खरंच कडक घेतली. तारे विचारले, ग्रह विचारले, उन्हाळाही विचारला. माझ्या वाट्याचे धडे तिने केव्हाच वाचून ठेवले होते, हे मला दाराला कान लावून कळलं. तिचा आवाज एकदाही अडखळला नाही. शेवटी बाईंनी विचारलं, की ताऱ्याचा उजेड आपल्याकडे यायला इतकी वर्षं लागतात, मग आपण आत्ताचा तारा बघतो का? तुमची बहीण म्हणाली, "नाही. तो निघाला तेव्हाचा. आज तिथे काय आहे ते बघायला आपण उरणार नाही, पण काय असेल ते शिकता येतं." मला रडू आलं, सांगून टाकतो. या बाईबरोबर मी इतकी वर्षं संसार केला आणि हा आवाज मी पहिल्यांदा ऐकत होतो. ती कॉलेजात अव्वल आली, मीही पास झालो, आणि त्या दिवसापासून काउंटरवर जो येईल त्याला मी आधी बायकोचा निकाल सांगतो आणि मग त्याच्या कपड्यांची चिठ्ठी मागतो. माझी फुशारकी तुम्ही नेहमी कापत आलात. ही कापून दाखवा.

माझ्यापुरतं खगोलशास्त्र संपलं. कळस गाठला की माणसाने सन्मानाने खाली उतरावं, असं माझं मत आहे. वहिनींना नमस्कार.

आपला,
कॉलेज-शिक्षित ड्रायक्लीनर

ता. क. : मी दाराला कान लावून होतो तेव्हा हातातली इस्त्री एका कोटावर राहिली. कोट जळाला. पाठीवर अगदी मधोमध चंद्र उमटलाय, पूर्ण, फक्त एका टोकाला जरा निमुळता. तो कोट तुमचा, मागच्या भेटीत धुवायला ठेवून गेलात तो.

आणखी एक ता. क. : मुद्द्याचं राहिलंच. तिचा दुसरा कोर्स सुरू होतोय. लेक्चरच्या वेळी इस्त्री मी करीन (हसू नका), पण मग काउंटरवर कुणी नाही. तुम्ही निवृत्त आहात, अक्षर सुरेख आहे आणि माणसांना रांगेत उभं करायची तुम्हाला सवय आहे. तेव्हा तीन महिन्यांसाठी यावं. कोटाची भरपाई मी समोरासमोर करीन. तुमच्या बहिणीला यातलं काही सांगितलेलं नाही.

दादा, पत्र पाकिटात घालायला मीच घेतलं, तेव्हा वाचलं. तू येच. यांना वाटतंय की लेक्चरच्या वेळी हे इस्त्री करतील. मी दुसऱ्या कोर्सला दोन नावं घातली आहेत, माझं आणि यांचं, वेगवेगळी, आणि या वेळी वाटणी नाही. यांना अजून बोलले नाही. तू काउंटरवर, म्हणजे यांच्या पळवाटेच्या तोंडाशी बसलास, की सांगेन.