जुळलेले नंबर

५ मे, रविवार. रुमैथिया.
आखातात पोचलो. काम अगदी मनासारखं! फैसलसाहेबांच्या दिवाणियात, म्हणजे पाहुण्यांच्या मोठ्या दालनात, बावीस जुन्या लष्करी रायफली भिंतीवर ओळीनं टांगलेल्या. सगळ्या थ्री-नॉट-थ्री, दहा गोळ्यांच्या मॅगझिनच्या, पहिल्या महायुद्धातल्या. साफ करायच्या, यादी करायची. साहेब उन्हाळाभर लंडनला. घरात मी आणि स्वयंपाकी यूसुफभाई, मूळचे गुहागरचे, एकवीस वर्षं इथेच. लेथवर बोटं भाजून शिकलो म्हटल्यावर त्यांनी पहिल्याच चहाला मला ‘इंजिनेरसाब’ करून टाकलं. चेष्टेत का होईना, कुणीतरी म्हणालं.

७ मे
यादीला बसलो आणि डोकंच फिरलं. रायफलीच्या अंगावर जो नंबर, तोच तिच्या बोल्टच्या, म्हणजे गोळी नळीत सरकवणाऱ्या खिटीच्या, दांड्यावर हवा. जाणकार आधी तेच बघतो. इथे बावीसपैकी एकीचाही जुळत नाही. एकीचा बोल्ट दुसरीत, दुसरीचा पाचवीत. यूसुफभाई म्हणाले, साहेबांच्या वडिलांनी मुद्दाम अदलाबदल करून ठेवली. कुठलीच बंदूक पुरी होऊ द्यायची नाही, असा त्यांचा हुकूम होता. मी म्हटलं, अडाण्याचे हुकूम मी पाळत नाही. ते म्हणाले, बरं बाबा, तू तुझं लोखंड सांभाळ, मी माझी हंडी सांभाळतो.

९ मे
बावीसच्या बावीस जुळवल्या. शेवटची १९१६ची, सगळ्यांत डौलदार. तिचा बोल्ट असा बसला, जणू कधी निघालाच नव्हता. पुढच्या गुरुवारी परीक्षित येणार, मुंबईचा संग्रहालयवाला, दोन पदव्यांचा. मला चारचौघांत ‘कागद नसलेला मिस्त्री’ म्हणणारा. ये म्हणावं आता.

१२ मे
१९१६च्या नळीतून पांढरी चिंधी फिरवली. काळी निघाली. गुरुवारी मीच तीनदा पुसली होती. बंदुकीच्या दारूचा ताजा वास. घरात एकही काडतूस नाही, सगळी कपाटं पालथी घातली. आणि दुपारी बारा ते एक मी काय करत होतो, आठवत नाही. ऊन बाधलं असेल.

१३ मे
आंघोळीला बसलो तर उजव्या खांद्यावर जांभळा डाग. दस्ता टेकतो, नेमका तिथे. रायफल झाडल्यावर मागे लाथ मारते, तेव्हाच असा उठतो. आजही तो एक तास गायब.
यूसुफभाईंची मांजर अंगणात मेली. आरपार भोक. तिला मांडीवर घेऊन ते विचारत राहिले, तू काही ऐकलंस का. मी म्हटलं, नाही. भोक बघताक्षणी माप कळलं होतं मला.
बोल्ट काढायला हवा. पण नंबर मोडले तर परीक्षित हसेल. तीनच दिवस.

१४ मे
यूसुफभाईंनी खांदा पाहिला. ओरडले नाहीत. म्हणाले, काढ तो बोल्ट, हात जोडतो. मांजर गेली, आता घरात दोघंच उरलो. मी म्हटलं, गुरुवारनंतर.
मग लाज वाटली. काढायला गेलो. सरकेना. तेल. हातोडी. तापवून पाहिला — नाही. मीच बसवलेला.

१५ मे
यूसुफभाईंना सगळं सांगितलं. म्हटलं, मला दिवाणियात कोंडून बाहेरून कुलूप लावा, म्हणजे ती हातात आली तरी समोर कुणी नसेल; एक वाजेपर्यंत फिरकू नका. लावलं त्यांनी.

बारा.
या वेळी भान आहे. तेच वाईट. गाल दस्त्याला चिकटलाय, जबडा उघडत नाही. उजवा हात माझा नाही. डाव्यानं लिहितोय. नळी टेबलावर टेकलेली —
दाराकडे.

सपातांचा आवाज. यूसुफभाई. बाहेरून म्हणतायत, उपाशी नाही ठेवणार तुला, माशांचं सालन आणलंय, दोन घास खा, मग परत कोंडतो —

नका. यूसुफभाई, नका —
काल एकदा कबूल केलं असतं की माझंच चुक —

किल्ली फि