थंड मातीवरची परीक्षा

प्रिय थोरल्या,

‘प्रिय’ हा शब्द सवयीने उमटला. खोडाखोड करण्याचा माझा स्वभाव नाही, म्हणून राहू दिला आहे.

गेल्या महिन्यात तुझ्या कारखान्यातल्या चाचणीला मला पुढच्या रांगेत बसवलेस. देव्हाऱ्यातल्या मूर्तीसारखे, दिसावे, पण बोलू नये. पोलिसांच्या गोळीरोधक कवचासाठी घडवलेल्या छातीच्या पॅनेलवर गोळी झाडली, ती आरपार गेली नाही, टाळ्या पडल्या. पॅनेलमागच्या मातीत पडलेला खळगा तू मोठ्या अभिमानाने मोजून दाखवलास. इतका उथळ खळगा मी चाचणीशाळेतल्या उभ्या नोकरीत पाहिला नव्हता, म्हणून उठून त्या मातीत अंगठा दाबला. तो रुतेना. माती गारठलेली होती. मी तसे म्हणालो, तर तू पाहुण्यांकडे वळून म्हणालास, “बाबांना घरी दूधसुद्धा तापमान मोजून लागतं!” सगळे हसले. विनोद बरा होता. त्या दिवशी तुझ्या कारखान्यात नीट घडलेली तेवढी एकच वस्तू.

गोळी अडली म्हणजे माणूस वाचला, असे टाळ्या वाजवणाऱ्यांना वाटते. तुला तसे वाटण्याची मुभा नाही. पॅनेलची पाठ फुगते आणि तो फुगवटा बरगड्या मोडून आत शिरतो. म्हणून मागे देहाच्या जागी माती ठेवायची, ती उबदार राखायची, लोखंडी गोळा टाकून तिचा मऊपणा पडताळायचा, हे तुला मिसरूड फुटण्याआधी मी शिकवले होते. तू तिला थंड खोलीत ठेवून तिचा दगड केलास. अप्रामाणिकपणालाही काही प्रतिभा लागते. तुला तीही झेपली नाही.

आणि हे कशासाठी? पॅनेलमधला तंतू ओढ सोसतो. रेझिन हे चिकटद्रव्य त्याला शेजारच्या तंतूशी बांधून ठेवते, म्हणजे एकावर पडलेला घाव सगळे वाटून घेतात. ही बांधणी प्रेसच्या उष्णतेत, दाबाखाली, सावकाश होते. तुला माल लवकर पाठवायचा होता, म्हणून तू अर्धकच्चे पॅनेल बाहेर ओढलेस. मी रोज पहाटे कवच म्हणतो. त्यात मस्तक एका देवतेच्या स्वाधीन, कंठ दुसरीच्या, हृदय तिसरीच्या. रचणाऱ्याने एकही अवयव उघडा सोडलेला नाही. त्याला कोणाला माल पोहोचवायचा नव्हता, असे तू म्हणशील. तुझ्याकडून याहून मोठ्या भाष्याची अपेक्षा मी केव्हाच सोडली आहे.

चाचणीनंतर मी तीनदा निरोप धाडला. तुझ्या सचिवाने तिन्ही वेळा कळवले, साहेब बैठकीत आहेत. तुझे काम ऐकणे टाळणे हेच असेल, तर तू खरोखर कार्यमग्न आहेस.

आज सकाळी तुझी धाकटी बहीण गणवेश चढवून ड्यूटीवर जाण्याआधी नमस्काराला आली. छातीवर नवे कवच. “बघा ना बाबा, किती हलकं आहे! दादाच्या हातचं घालून निघालेय, आता भीती कसली?” मी ते उतरवून घेतले, आतले पॅनेल काढून नाण्याने ठोकत गेलो. कडेला खणखणीत, आणि नेमके हृदयाच्या जागी बद्द. आतले थर सुटलेले आहेत. कवच मी परत दिलेले नाही. ती बाहेरच्या खोलीत खोळंबली आहे, “बाबा, हट्ट सोडा, उशीर होतोय” म्हणून दार ठोठावते आहे. कारण तिला सांगितलेले नाही. तिच्या तुकडीतले बाकीचे मात्र तुझे पॅनेल लावून एव्हाना रस्त्यावर उतरले असतील, आणि त्यांना अडवायला घरी कोणी चाचणी करणारा बाप नाही. हे पत्र तिच्याच हाती तुझ्याकडे पाठवतो आहे, आणि मी ते पॅनेल घेऊन थेट तिच्या वरिष्ठांकडे निघालो आहे. माझी चाल म्हाताऱ्याची आहे, तुझ्याकडे मोटार आहे. माझ्याआधी तिथे पोहोच आणि स्वतःच्या तोंडाने सांग. आधी मात्र, ती समोर उभी असेल तेव्हा तिच्या डोळ्यांत बघून सांग.

नाइलाजाने का होईना, तुझाच,
बाबा